खाडीपलीकडचा मुरूम

आमच्या गल्लीतल्या दोन घरची मुलं आता नव्या मुंबईत नोकरीला लागली आहेत. त्यांचे आईवडील मला विचारतात, तुम्ही तिकडे फार आधी जाऊन आला, कसं आहे, घर घ्यायला हरकत नाही ना? दारात उभ्या उभ्या देता येईल असं उत्तर माझ्याजवळ नाही. म्हणून इथे लिहितो. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे, चूकभूल सांभाळून घ्यावी.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी नागपुरात बांधकामाचा मिस्त्री होतो. माझी एकुलती एक मुलगी कुंदा लग्न होऊन ठाण्याच्या खाडीपलीकडे राहायला गेली होती. जावई वसंतराव तिथल्या एका कारखान्यात फिटर. मुंबईत माणसं मावेनात म्हणून सरकारने खाडीच्या पलीकडे नवं शहर आखायला घेतलं होतं, आणि कामगारांच्या सोसायटीला घरांसाठी प्लॉट मिळणार होते. कुंदाचं कार्ड आलं. दोनच प्लॉट उरले आहेत, एक डोंगराच्या कडेला, एक खाडीच्या बाजूला. पुढच्या सोमवारी कोणता हवा ते ऑफिसात सांगायचं आहे. बाबा, तुम्ही येऊन जमीन पाहून जा.

आमच्या नात्यात प्लॉट घ्यायचा तर आधी मला नेत. नागपुरात लकडगंजच्या बाजूची काळी माती ज्यांनी पाहिली आहे त्यांना कारण सांगायला नको. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, आणि भिंत चौकटीपासून सुटते. म्हणून पाया खोदताना खाली मुरूम लागेपर्यंत मिस्त्रीच्या जिवाला चैन नसते. मुरूम लागला की सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. गूळ वाटला म्हणजे जागा पास. त्यानंतर मिस्त्री शब्द फिरवत नाही.

तर मी सामान बांधलं. वळकटीत माझी लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, पिशवीत गुळाचा खडा, नरखेडकडच्या संत्र्यांची करंडी, आणि दोन वेळच्या भाकरी. बायको म्हणाली, तिकडे सब्बल भेटत नाही काय? मी म्हटलं, दुसऱ्याच्या सब्बलीनं मले जमीन बोलत नाही. स्टेशनवर मी दोन तास आधी जाऊन बसलो. घराला कुलूप लावायचंच नव्हतं, कारण बायको घरीच होती, तरी मला सारखं वाटत होतं की कुलूप राहिलं.

डब्यात बडनेऱ्याचा एक माणूस समोर बसला होता. वळकटीतून निघालेलं सब्बलीचं टोक तो बराच वेळ पाहत होता. शेवटी म्हणाला, "काका, मुंबई पाडायले चालले काय?"

"नाही गा. पोरीचं घर बांधायले."

त्यावर तो हसला आणि माझ्या भाकरीवर आपल्याकडचं मिरचीचं लोणचं ठेवलं. प्रवासात मला कोणाच्या हातचं खायला भीती वाटते, पण ते खाल्लं. इगतपुरीचा घाट उतरताना मी डोळे मिटून बसलो. तुम्ही मिटू नका, लोक म्हणतात पाहण्यासारखा आहे.

तेव्हा रेल्वे खाडीपलीकडे जात नव्हती. दादरला उतरून बस पकडायची आणि लांबच लांब पुलावरून पलीकडे जायचं. आता जाणाऱ्यांना हा त्रास नाही. वसंतराव मला घ्यायला दादरला आले होते. बस पुलावर आली तेव्हा मी खाली पाहिलं, तर नुसता काळा चिखल, मध्ये पाण्याची एक धार, आणि चिखलात रुतून तिरप्या झालेल्या होड्या. आमची कन्हान नदी उन्हाळ्यात अशीच होते. मी मनात म्हटलं, हिला काय भ्यायचं.

"पाणी कुठं गेलं?" मी विचारलं.

"येते न संध्याकाळी," वसंतराव म्हणाले. मला ते धरणातून कालव्याला सोडतात तसं काही वाटलं.

कुंदा आणि वसंतराव जुन्या गावात एका आगरी बाईच्या घरी भाड्याच्या खोलीत राहत होते. हिराबाय तिचं नाव. साठीची, काळी, ताठ, नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढून नेसलेली. नवरा नव्हता. शेत नव्या शहरासाठी गेलं होतं, त्यामुळे खोल्या भाड्याने देऊन तिचं चालायचं. तिने तांदळाची भाकरी आणि सुकट समोर ठेवली. मला मासळीच्या काट्यांची धास्ती, म्हणून मी चिमटीने चाचपून खात होतो. ती म्हणाली, "सुकटीला काटं नसतात, बाबा. खावा." कुंदा तोंडाला पदर लावून हसली. तिला सातवा महिना होता, पाय सुजलेले होते, आणि मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आधी डोंगराकडचा प्लॉट पाहिला. छोटा, चढावर, पाणी खालून भरून आणायचं. बस आणि दवाखाना दोन्ही खाली. शेजारीच डोंगर फोडायचं काम चालू होतं. दुपारी सुरुंगाचा बार झाला आणि माझ्या पायाखालची जमीन हादरली. कुंदाने पोटावर हात धरला. मी म्हटलं, इथं लेकरू झोपणार कसं? खरं तर जमीन चांगली होती, अगदी पक्की. पण मी ती नीट खोदूनही पाहिली नाही.

मग खाडीकडचा प्लॉट. सपाट, मोठा, रस्त्याला लागून. पलीकडे शंभर पावलांवर मातीचा एक लांबलचक बांध होता, त्याच्या मागे खाडी. मी सब्बल घातली. हातभर खाली खणखणीत लाल मुरूम. दुसऱ्या कोपऱ्यात घातली, तिथेही मुरूम. असा मुरूम नागपुरात मिळाला असता तर मालकाने मला धोतरजोडी दिली असती. मी तिथेच खिशातून गूळ काढला. वसंतरावांच्या हातावर ठेवला, कुंदाच्या हातावर ठेवला, आणि त्यांचे दोन सोबती आले होते त्यांनाही दिला. मोठ्या आवाजात सांगितलं की अशी जागा माझ्या तीस वर्षांच्या कामात चारदा पाहिली. सोबती म्हणाले, काका, आमचे प्लॉट इथे शेजारीच मिळाले आहेत, तेही पाहून द्या. मला फार बरं वाटलं.

परत आल्यावर उरलेला गूळ मी हिराबायला दिला. ती अंगणात बसली होती. गूळ तिने तोंडात टाकला आणि कोणता प्लॉट ते विचारलं. मी सांगितलं, मुरूम लागला म्हणून सांगितलं. तिने बोटं पदराला पुसली.

"यो मुरूम हितला नाय, बाबा. डोंगराचा हाय. गारीनं आनून वतलाय. खाली खाजन हाय, चिखल. ती माझीच खारी होती, भाताचा शेत."

मी म्हटलं, असेल, पण बांध आहे ना.

मग तिने बांधाचं सांगितलं. तो सरकारने बांधलेला नव्हता. तिच्या सासऱ्याच्याही आधीपासून गावाने राखलेला. खेकडे त्याला भोकं पाडतात, आणि एका भोकातून भरतीचं पाणी शिरलं की चार वर्षं शेत खारं होऊन पडतं. म्हणून पावसाच्या आधी घरटी एक माणूस बांधावर जायचा, चिखलाचे गोळे हातोहात देऊन भोकं बुजवायची. जो जाणार नाही त्याच्या घरी वर्षभर कोणी जेवायला जात नसे. तिचा नवरा मेला त्या वर्षीही ती तेराव्याच्या आधी बांधावर गेली होती.

"आता शेत आमचा नाय," ती म्हणाली. "मंग बांध कोनाचा?"

मी उठलो आणि एकटाच बांधावर गेलो. संध्याकाळ होत होती. वसंतरावांनी सांगितलेलं पाणी आलं होतं. काल जिथे चिखल होता तिथे पार पलीकडपर्यंत पाणी, आणि रुतलेल्या होड्या तरंगत होत्या. मी बांधावर उभा राहिलो. मिस्त्रीची नजर आपोआप पातळी घेते, त्याला पाणसळ लागत नाही. डाव्या हाताचं पाणी उजव्या हाताच्या जमिनीपेक्षा वर होतं. प्लॉटवरची मुरमाची भर धरूनही वर होतं. बांधाच्या कोरड्या अंगाला बोट जाईल अशी भोकं होती आणि त्यातल्या दोन-तीनमधून पाणी पाझरत होतं.

नागपूरच्या माणसाला पाणी वरून येताना माहीत असतं, किंवा नदीला पूर आला तर. दिवसातून दोनदा आपणहून चढणारं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी पाहिलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

जेवताना वसंतराव सोबत्यांना काय काय सांगितलं ते बोलत होते. सासऱ्यांनी दोन मिनिटांत जमीन ओळखली म्हणत होते. कुंदा वाढत होती. तिने भात वाढता वाढता विचारलं, "बाबा, आणखी काही राहिलं काय पाहायचं? उद्या दुपारपर्यंत वेळ आहे."

माझ्या तोंडात घास होता. बोलायचं तर गूळ वाटलेला शब्द फिरवायचा, जावयासमोर. त्यात तो सुरुंगाचा बार, तो चढ, तिचे सुजलेले पाय. मी मनाला समजावलं की एवढं मोठं शहर आखणाऱ्या इंजिनिअर लोकांनी बांधाचा विचार केलाच असेल.

"काही नाही राहिलं," मी म्हटलं. "घेऊन टाका."

सोमवारी ऑफिसात गेलो. भिंतीवर मोठा नकाशा होता. घरं पिवळी, बागा हिरव्या. मी बांध शोधला, तो दिसला नाही. तिथला बाबू भला माणूस होता, त्याने मला खुर्ची दिली. बांध कुठे दाखवला आहे विचारलं तर म्हणाला, काका, तिथे पुढे रस्ता होणार, जुन्या बांधाचं काय काम. मला तेवढंच पाहिजे होतं. वसंतरावांनी सही केली.

परतीच्या प्रवासाचं लिहिण्यासारखं काही नाही. सब्बल तिथेच ठेवून आलो, पाया खोदायला लागेल म्हणून. नागपूरला येऊन बायकोला सांगितलं की मुरूम लागला. तिने देवापुढे दिवा लावला.

घर झालं. नातू झाला. तिसऱ्या वर्षी श्रावणातल्या अमावास्येला मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले. बांध एका जागी फुटला. कुंदाच्या घरात मांडीएवढं पाणी शिरलं. खाली चिखल दबला आणि घराचा एक कोपरा बसला. त्या दोन सोबत्यांच्या घरांचंही तेच झालं. वसंतरावांनी फरशीवर भराव टाकून नवी फरशी केली. काही वर्षांनी पुन्हा पाणी, पुन्हा भराव. असं तीनदा झालं. फरशी वर येत गेली, पण चौकट आणि छत होतं तिथेच राहिलं. घर विकून दुसरीकडे जायची ऐपत त्यांना कधी झाली नाही.

मी तिकडे गेलो की कुंदा दारातूनच सांगते, बाबा, वाका. तरी एकदा माझं कपाळ फुटलं. त्या घरातली सगळी माणसं दारातून वाकून जातात, वर चौकटीकडे न पाहता, बोलता बोलता.

बांधाच्या जागी रस्ता झाला, हे खरं. पण तोवर बांध कोणीतरी राखायचा आहे हे नकाशावर कुठे लिहिलेलं नव्हतं. डोंगर अर्धा कापून खाडीच्या कडेला ओतला, आणि ज्या लोकांना पाणी कळत होतं त्यांना मोबदला देऊन बाजूला बसवलं. शहर नको होतं असं मी म्हणणार नाही. लाखो माणसांना घर मिळालं, माझ्या पोरीलाही मिळालं. शहर आखणाऱ्यांना दोष द्यायलाही माझी जीभ रेटत नाही. त्यांना हिराबाय भेटली नसेल. मला भेटली होती.

म्हणून तिकडे घर घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. जागा अमावास्येला किंवा पौर्णिमेला भरतीच्या वेळी पाहा. खालची माती तिथलीच आहे की आणलेली, ते जुन्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि कोणी सांगितलं तर त्याच दिवशी घरात बोला.

मी ते बोललो मागच्या दिवाळीत, इतक्या वर्षांनी. कुंदा नागपूरला आली होती. तिचेही केस आता पांढरे झाले आहेत. अंगणात बसून मी तिला हिराबायचं, बांधाचं, त्या संध्याकाळचं सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "तिनं मलेही सांगितलं होतं, त्याच दिवशी. म्हणून तर जेवताना विचारलं तुम्हाले. मी वाट पाहून राहिली होती तुम्ही बोलाल म्हणून."

"मंग तू काहून नाही बोलली वं?"

"तुम्ही गूळ वाटला होता न, बाबा."

ती शेंगांनी भरलेलं सूप उचलून उठली. आमच्या घराची चौकट मी माझ्या हाताने बसवलेली आहे, चांगली उंच, सहा फुटी माणूस टोपी घालून आत येईल एवढी. कुंदा तिच्याशी पोचली, मान खाली घातली, आणि वाकून आत गेली.