मेकॅनिकची बदली

टीव्हीवरच्या एका अंतराळयानातला मेकॅनिक मी तीस वर्षं जिवंत ठेवला होता. मालिकेत तो केव्हाच मेला होता. पण आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी सांगितलं होतं की त्याची दुसऱ्या यानावर बदली झाली. मग गेल्या वर्षी कुणीतरी ती अख्खी मालिका इंटरनेटवर टाकली आणि माझी पंचाईत झाली.

मी अकरा वर्षांची असताना ही मालिका रविवारी सकाळी लागायची. जगाला रविवारी सुट्टी असते, आमच्याकडच्या कारखान्यांना गुरुवारी. आप्पा पॉवर प्रेसवर पत्र्याचे पार्ट काढायचे. सेकंड शिफ्ट असली की सकाळी घरी असायचे आणि माझ्या शेजारी बसून भाग बघायचे. फर्स्ट शिफ्टला त्या वेळी कंपनीत. थर्ड शिफ्ट करून आले की झोपलेले. पिंपळे गुरवातली आमची दीड खोली, त्यामुळे आई टीव्हीचा आवाज पार बंद करायची आणि तो भाग मला मुका बघावा लागायचा. संध्याकाळी चहा पिता पिता आप्पा विचारायचे, "काय झालं गं आज?" मग मी सांगायचे. मुक्या भागांतले संवाद अर्थात माझेच असायचे, आणि खरं सांगायचं तर मूळच्यापेक्षा बरे असायचे.

यान थर्माकोलचं होतं. दार लावलं की भिंत हलायची. कप्तान ज्या बटणांवरून ग्रहगोलांमधून यान हाकायचा ती गॅसच्या शेगडीची बटणं आहेत, हे आईने पहिल्याच भागात ओळखलं आणि त्यानंतर तिने कधी मान वर करून बघितलं नाही. मला त्याने काही फरक पडला नाही. आजही पडत नाही. माझी मुलं वाकडच्या फ्लॅटमध्ये मोठ्या पडद्यावर खऱ्यासारखी खोटी यानं बघतात आणि मला हसतात. हसोत बापडी. इतकी माणसं एका डब्यात कोंडलेली, परत कधी जाणार ते ठाऊक नाही, तरी सकाळी उठून आपापलं काम करतात, हे मी त्या वयात त्या यानात पाहिलं आणि आमच्या चाळीतही. दोन्हीकडची माणसं मला सारखीच आपली वाटली.

आप्पांचा जीव होता मेकॅनिकवर. बाकीची पात्रं मोठमोठी भाषणं करायची, हा एकटाच तेलकट हातांनी वावरायचा. "बाकीची नुसती खिडकीतनं बघत्यात," आप्पा म्हणायचे, "यान चालवतोय ह्यो." त्यांच्या कंपनीतला प्रेसचा मेकॅनिक त्यांचा दोस्त होता. गुरुवारी सकाळी तो काका आमच्याकडे पोहे खायला यायचा. आप्पा त्याला मी सांगितलेला भाग पुन्हा सांगायचे आणि त्यात स्वतःची भर घालायचे.

एका शुक्रवारी आप्पांच्या डाव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. बटण एकदा दाबलं की प्रेस एकदाच खाली यायला हवी. कधी बिघाड झाला तर ती आपोआप दुसऱ्यांदा येते. कामगार त्याला 'डबल मारला' म्हणतात. आप्पांनी सांगितलं, प्रेसने डबल मारला. आईने कंपनीला शिव्या घातल्या आणि त्याहून जास्त त्या मेकॅनिकला, कारण प्रेस नीट ठेवायचं काम त्याचं होतं. काका पुन्हा आमच्याकडे आला नाही. काही दिवसांनी कळलं, त्याला दुसऱ्या प्लँटला पाठवलं.

शुक्रवारी हे झालं आणि रविवारी यानातला मेकॅनिक मेला. इंजिनाच्या झडपेला कुलूप होतं, झडप उघडी असेपर्यंत इंजिन सुरू होऊ नये म्हणून. उघडझाप करण्यात वेळ जातो, म्हणून त्याने ते कुलूप तारेने बांधून ठेवलं होतं. त्याचा हात आत असताना इंजिन सुरू झालं. मी ते बघितलं आणि दुपारी आईबरोबर डबा घेऊन दवाखान्यात गेले. आप्पा उशीवर हात उंच ठेवून पडले होते. त्यांनी नेहमीसारखंच विचारलं, "आज काय झालं गं?"

"मेकॅनिकची बदली झाली," मी म्हणाले.

"कुठं?"

"दुसऱ्या यानावर."

आप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं, जमलं.

पुढचे भाग मात्र आप्पांनी घरी बसून, पट्टी बांधलेल्या हाताने बघितले. तिथे मालिकावाल्यांनी घोळ घातला. यानाच्या भिंतीवर त्यांनी मेकॅनिकचा फोटो लावला, आणि आपलीच माणसं ती, फोटोला चंदनाचा हार घातला. आप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, बदलीवर गेलेल्या चांगल्या कामगाराचा असा सत्कार करतात. "आसंल, आसंल," आप्पा म्हणाले. थाप इतकी मुरली की पुढे एकदा चाहत्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर मी ठासून लिहिलं, मेकॅनिक मेलाच नाही, त्याची बदली झाली. सगळे माझ्यावर तुटून पडले. तासभर भांडल्यावर मला आठवलं की ती गोष्ट मीच रचलेली आहे.

आता आप्पांनी पंच्याहत्तरी गाठली आहे. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. मी चाकणला एका पार्ट बनवणाऱ्या छोट्या कंपनीत आहे. प्रेस शॉपमधल्या कामगारांना सुरक्षितपणे काम कसं करायचं ते शिकवते. प्रत्येक ट्रेनिंगची सुरुवात मी आप्पांच्या बोटांच्या गोष्टीने करते. माझी सुट्टीही गुरुवारचीच. मालिका इंटरनेटवर आल्याचं मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पहिल्यापासनं लाव. निम्मी मालिका मी तुझ्या तोंडनं ऐकलीय. बघू तरी, किती थापा मारल्यास."

मग दर गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर एक भाग. आप्पा पोरासारखे खूश असायचे. माझा जीव मात्र एकेका भागागणिक खाली-वर व्हायला लागला. थाप पकडली जाईल याची भीती नव्हती. अकराव्या वर्षी मला जे त्यांना सांगवलं नाही, ते आता या वयात त्यांना डोळ्यांनी बघावं लागणार, आणि बघायला लावणारी मीच, याची भीती होती. तो भाग आला तेव्हा मी गुपचूप त्याच्या पुढचा लावला.

"अठरावा कुठं गेला?" आप्पा म्हणाले. ते कॅलेंडरवर नोंद ठेवत होते.

"तो नाहीये वाटतं त्यांच्याकडे."

"लाव गं," ते शांतपणे म्हणाले. मी लावला.

मेकॅनिकने कुलपाला तार बांधली तेव्हा आप्पा खुर्चीत पुढे सरकले. इंजिन सुरू झालं, किंकाळी आली, मग सगळं यान जमलं. मी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "मी खोटं सांगितलं होतं तुम्हाला."

"त्यो मेला ते म्हाईत हुतं मला. हार घातलेला फोटू बघून एवढंबी कळंना व्हय? कसा मेला, ते म्हाईत नव्हतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

आप्पा खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "डबल मारला नव्हता."

मला आधी कळलंच नाही.

"प्रेसनं डबल मारलाच नव्हता. दोन हातांनी दोन बटनं दाबली तरच ती खाली यायची. माझ्या डाव्या बटनात मी लाकडाची पाचर ठोकली हुती, ते दाबलेलंच ऱ्हायचं. मग डावा हात मोकळा, पार्ट सरकवायला. काम झटक्यात व्हायचं. सगळीच करायची." ते आपल्या हाताकडे बघत नव्हते, बंद टीव्हीकडे बघत होते. "हात गेल्यावर म्या पयलं काय केलं सांगू? उजव्या हातानं पाचर उपसली, खिशात घातली, आन् मग वरडलो."

"आणि काका?"

"त्यानं प्रेस उघडून बघितली. बटनाच्या खाचंत लाकडाचा चुरा हुता. त्यानं फडक्यानं पुसून टाकला, माझ्याकडं बघितलं, न्हाई बघितलं, आसं केलं. चौकशीत म्हणला, माझ्याच कामात कसूर झाली असंल. मग बदली केली त्याची. त्यानं नोकरी सोडली, गावाकडं गेला. चार वर्सांमागं वारला."

मला राग आला आणि तो मी लपवला नाही. "आई मरेपर्यंत त्यांना शिव्या देत होती. तुम्ही समोर बसून ऐकत होतात?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "तू दवाखान्यात बदली म्हणालीस, तवा एवढंसं त्वांड करून खोटं बोलत हुतीस. मला वाटलं, पोरगी माझ्यासाठी बोलती. मी कुणासाठी बोललो? सवतासाठीच की."

मला त्यांची कीव आली आणि रागही तेवढाच राहिला. आप्पांनीच विचारलं, "उद्या ट्रेनिंग हाय न्हवं तुझं? पोरांना माझी गोष्ट सांगतीस?"

"वीस वर्षं सांगतेय."

"मग आता नीट सांग. त्यानं पुसलं, तेबी सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेनिंगला पंचवीसेक कामगार होते. वीस वर्षं त्या गोष्टीचं पहिलं वाक्य प्रेसपासून सुरू व्हायचं, आणि ते ऐकताच कामगार एकमेकांकडे बघून माना हलवायचे, कारण मशीन वाईट असतं हे सगळ्यांना पटतं. त्या दिवशी मी सुरुवात केली, "माझ्या वडिलांनी बटणात पाचर ठोकली होती." कुणी मान हलवली नाही. चुरा पुसणाऱ्या मेकॅनिकपर्यंत आले तेव्हा मी थांबून पाणी प्यायले आणि राहिलेलं सांगितलं. नेहमी शेवटी दोन-तीन तरी प्रश्न येतात, त्या दिवशी एकही आला नाही. सगळे उठून गेले.

एक ऑपरेटर मागे रेंगाळला. चाळिशीचा असेल, आमच्याकडे आठ वर्षं आहे, कामाला सगळ्यांत झपाट्याचा.

"मॅडम, वडील आहेत का तुमचे अजून?"

"आहेत."

"त्यांनी सांगितलं हे? स्वतः?"

"हो. काल दुपारी."

त्याने पँटच्या खिशात हात घातला आणि बोटाएवढी लाकडाची पाचर माझ्या टेबलावर ठेवली. मग तो शिफ्टला गेला. पाचर वापरून वापरून गुळगुळीत झाली होती.