गप्प बसण्यावर भाषण

आमच्या घरात बोलणं फार जपून वापरत. जेवताना मीठ हवं असलं की वडील मिठाकडे नुसते बघायचे आणि आई ते सरकवायची. धाकटा भाऊ तर माझ्याहून वरचढ. तोफखान्यात भरती झाल्याचं त्याने पोळी वाढून घेताघेता सांगितलं, आणि त्याचं पुढचं वाक्य ‘भाजी आहे का अजून?’ हे होतं.

अशा घरातून निघून मी रोज अधारतालच्या वस्तीतून सायकलने तोफगोळ्यांच्या सरकारी कारखान्यात जायचो. सगळे निघायच्या वेळी निघालं तर वाटेत कुणीतरी गाठायचं आणि मग भावकी, बदल्या, कांद्याचे भाव. म्हणून मी दहा मिनिटं आधी निघायचो. दुसऱ्या एका खात्यातला एक गृहस्थही नेमका याच कारणाने दहा मिनिटं आधी निघायचा. आम्ही दोघांनी कित्येक वर्षं एकमेकांपासून तीस पावलांवर सायकली चालवल्या. तो थांबला की मी चेन तपासायचो, मी थांबलो की तो. इतका समजूतदार सोबती मला पुन्हा मिळाला नाही.

माझी नेमणूक गेजच्या खोलीत होती, आणि पूर्वजन्मीचं पुण्य म्हणतात ते हेच असावं. दार बंद, आत गारवा, लाकडी पेट्यांत बनातीवर ठेवलेली गेजं. दारावर पाटी : ‘बिना काम अंदर आना मना है’. ती पाटी मी रोज आत शिरताना एकदा प्रेमाने वाचायचो.

गेज म्हणजे घोटून गुळगुळीत केलेला पोलादी दांडा. तोफगोळ्याच्या एका पितळी भागाला भोक असे, ते बरोबर आहे की नाही हे त्याने तपासायचं. दांड्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बस, एवढंच. माणसं तपासायलाही असं काही असतं तर बरं झालं असतं असं मला आमचे साहेब आल्यापासून वाटायला लागलं.

साहेब आमच्यासारखेच इथल्या हिंदी मुलखातल्या जुन्या मराठी घरातले. आधी घोंगड्या आणि गणवेशांच्या भांडारात होते, तिथून बढतीवर आमच्याकडे आले. मनाने वाईट नव्हते. सदर बाजारातून खव्याची जिलेबी आणून सगळ्या खात्याला वाटायचे. फक्त कामातलं काही कळत नव्हतं, आणि कळत नाही हेही कळत नव्हतं. मी त्यांचा फार लाडका. ते काहीही बोलले तरी मी गप्प असायचो, आणि गप्प बसणारा माणूस आपल्याशी सहमत असतो अशी त्यांची पक्की समजूत होती.

एकाहत्तरचा पावसाळा सरला आणि लढाईची चाहूल लागली. जादा पाळ्या सुरू झाल्या, खिडक्यांच्या काचांना काळा कागद लागला. भिंतीभिंतींवर सूचना लागल्या : कामाबद्दल बाहेर बोलू नका, दीवारों के भी कान होते हैं. त्या वाचून साहेबांना एकदम मी आठवलो.

“भाऊ, शनिवारी जेवणाच्या सुट्टीत सभा आहे. बडे साहेब येऊन राहिले. गप्प कसं राहावं, यावर तुम्ही बोलायचं.”

मी गप्प.

“हे बघा! याला म्हणतात नमुना!” असं म्हणून त्यांनी स्वतः लिहिलेलं तीन पानी भाषण माझ्या हातात दिलं.

मी त्या धक्क्यात असतानाच दुसरा बसला. त्याच आठवड्यात आमच्याकडे बाद मालाचे ढीग साठले होते. भोकं कोरून मापाला आणणारं हत्यार, रीमर, झिजलं होतं, त्यामुळे भोकं लहान पडत होती आणि गेज आत जात नव्हतं. साहेबांनी एक पितळी तुकडा उचलला, गेज घालून बघितलं, दाबून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

“काहून अडवून ठेवला एवढा माल? गेजच जाडं आहे! सोमवारी ग्राइंडिंगला पाठवा, थोडं घासून आणा. चलो, झालं काम.”

माप चुकतं म्हणून पट्टीच कापायची, असा हा हुकूम. गेज घासलं की सगळा माल पास, आणि पुढच्या खात्यात तो ठोकून ठोकून बसवला जाणार. तिथून तो कुठे जाणार हे मला सांगायला नको होतं. त्या ‘कुठे’मध्ये माझा भाजी मागणारा भाऊ तोफेशी उभा होता.

मग मी बोललो का? नाही. मी चिठ्ठी लिहिली. साहेबांनी ती वाचली, “अक्षर काय सुंदर आहे तुमचं, भाऊ!” म्हणाले आणि खिशात ठेवली. मग मी हिय्या करून त्यांच्या खोलीत गेलो. वीस मिनिटं ते मौनाचं महत्त्व सांगत राहिले. मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. बाहेर आलो तेव्हा मला माझीच इतकी चीड आली की सायकलची चेन खरंच निसटलेली असताना मी ती तशीच ढकलत घरी नेली. पहिल्यांदाच जाणवलं की मूर्ख साहेब एकटा तयार होत नाही, त्याला माझ्यासारखे दहा-बारा शहाणे गप्प बसणारे लागतात. मी सज्जन नव्हतो, मी भित्रा होतो.

शनिवारी शेडमध्ये तीनशे माणसं बसली होती. माझं कौतुक करण्यात साहेबांनी पाव तास घालवला. मग मी माइकसमोर आलो. हातातले तीन कागद उलगडले तेव्हा माइकमधून त्यांचाच आवाज आधी ऐकू आला. पहिली ओळ डोळ्यांसमोर होती, ‘मौन ही सच्चा देशप्रेम है’. माझ्या तोंडून निघालं :

“गेज घिसना नहीं है. रीमर बदलना है.”

मग मागून एक म्हातारा मशीनवाला उठून म्हणाला, “भैया, यही तो हम लोग भी सोच रहे थे.” सोचून राहिले होते सगळेच! तीनशे जण माझ्यासारखेच गप्प बसले होते हे कळून माझा तरी जीव थोडा थंड झाला.

बडे साहेब पुढे वाकले. “कौन सा गेज?”

त्यानंतर मी चार मिनिटं सलग बोललो. जीभ थांबेना. आयुष्यात साठलेलं सगळं त्या एका भोकाच्या मापाबद्दल बाहेर आलं. त्याच दुपारी रीमर बदलला गेला आणि गेज आपल्या बनातीवर सुखरूप राहिलं.

साहेबांनी बड्या साहेबांना सांगितलं, ‘यांना बोलायला मीच उभं केलं होतं’, आणि ते खोटं नव्हतंच. आमचं खातं जाऊन त्यांच्याकडे कँटीनची देखरेख आली आणि महिन्याभरात चहा पिववेना. मला मात्र लेखी समज मिळाली : गुप्ततेच्या सभेत, ध्वनिक्षेपकावरून, कामाची माहिती उघड केल्याबद्दल. ती मी जपून ठेवली आहे.

लढाई संपली. भाऊ रजेवर आला, हातापायांनी धड. आमच्या गल्लीतले लोक दोन दिवस त्याला प्रश्न विचारून दमले आणि निघून गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं अंगणात ऊन खात बसलो. तासभर तरी बसलो असू. जन्मात पहिल्यांदा मला कुणाला तरी काहीतरी सांगायचं होतं : गेजची गोष्ट.

तोच बोलला. “दादा, तुमच्याकडचा माल चांगला निघाला. एकदाही अडला नाही.”

सभा, चिठ्ठी, तीन कागद, सगळं ओठांशी आलं. मी म्हणालो, “अच्छा.”

आतून आईचा आवाज आला, “काय रे, एवढं काय बोलून राहिले तुम्ही दोघं?”