चोथा

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली आणि मग फुफ्फुसाच्या कॅन्सरने त्याला घरी बसवलं. दर तीन आठवड्यांनी हॉस्पिटलात सलाइनमधून औषध चढे. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं ते औषध होतं. घरचा जिना चढताना त्याचा जीव मेटाकुटीला येई.

थोरल्या बहिणीने कुठूनतरी चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूल आणल्या. तो त्या निमूट गिळायचा. अन्नावरची वासनाच उडाली होती, त्यामुळे चावण्यापेक्षा ते सोपं होतं.

चौथ्या खेपेला आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "जेवता काय?"

"दूध-ब्रेड. आणि ताईच्या कॅप्सूल."

"कॅप्सूल बंद करा, बाहेरचे जिवाणू या औषधाच्या आड येऊ शकतात. तुमच्या आतड्यात जिवाणूंचं मोठं बिऱ्हाड आहे, त्यांना चोथा लागतो. कडधान्यं, पालेभाज्या, सालीसकट फळं खा. ते नीट जगले तर औषधाला मदत होते असं दिसतंय. खात्री मात्र देता येत नाही."

परतीच्या बसमध्ये सोबत आलेल्या ताईचा चेहरा उतरला होता. "माझं चुकलं का रे?"

"तू काळजीपोटीच आणल्यास. आता वाटाणे उकड."

वाटीभर वाटाण्यांना त्याला अर्धा तास लागे. ताई समोर बसून राही.

"गिळलास का?"

"गिळतोय. बिघडलेली लिफ्टसुद्धा इतकी रेंगाळत नाही."

तीन महिन्यांनी स्कॅनमध्ये गाठ थोडी आक्रसलेली दिसली. औषधाने की वाटाण्यांनी, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. तिला न उठवता तोही शेजारी बसून राहिला.