दाजी आणि इंजिनाचा पिवळा दिवा

माझ्या थोरल्या साडूंइतका मन लावून रागावणारा माणूस शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडला नसता. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. दौंडच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, राहायला यवतला. एसटी उशिरा आली की दाजी रागवत, आणि वेळेवर आली तर जास्तच, कारण कंडक्टरसाठी जुळवून ठेवलेली वाक्यं वाया जात. चहा गरम असला तर चहावर ओरडत आणि गार झाला की बशीवर. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणं मात्र त्यांना कधीच जमलं नाही. समोरच्यानं नुसतं “मला वाटतं” म्हणायचा अवकाश, “तुम्हाला काय वाटायचंय!” म्हणून ते पुढचं स्वतःच बोलून टाकत.

अक्काला, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला आणि तिची जीभ जड झाली. तिला दौंडला व्यायामासाठी न्यायचं म्हणून दाजींनी एक वापरलेली मोटार घेतली. घेण्याआधी तिच्या सीटवर स्वतः बसून पाहिलं, आणि सीट टणक आहे म्हणून विकणाऱ्याला फैलावर घेतलं. महिन्याभरातच काट्यांच्या शेजारी इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटला. दौंडच्या मेकॅनिकनं स्टिअरिंगखाली यंत्र जोडलं, बिघाडाचा कोड वाचला, हवेचा सेन्सर बदलला, दिवा गेला. घरी येऊन दाजींनी खात्रीसाठी बॉनेट उघडून पाहिलं, धाडकन आपटलं. दुसऱ्या दिवशी दिवा हजर! शिरूरच्या गॅरेजातही तोच कोड निघाला, पुसला आणि परत आला. “कोड कसला, थट्टा चाललीय माझी!” म्हणत दाजींनी दोन्ही गावच्या मेकॅनिकांशी बोलणं सोडलं. अक्का मधूनच “अवं... ते...” असं सुरू करायची. “तू गप, दम लागंल तुला!” दाजी काळजीनं ओरडायचे.

मग वडगाव रासाईहून निरोप आला, सासूबाईंचं काही खरं नाही, लगेच निघा. माझी बायको आधीच तिकडे होती. दाजींच्या गाडीत पुढे अक्का बसली, मागे मी. राहू गाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी ऊस असलेल्या रस्त्यावर गाडी आचके देत बंद पडली. दिवा पेटलेलाच होता. दाजी उतरले, बॉनेट उघडून इंजिनाला नाही नाही ते बोलले आणि असं आपटलं की उसातले बगळे उडाले. मीही भडकलो. तिकडे म्हातारी लेकीची वाट बघतेय आणि हा माणूस लोखंडाशी भांडतोय!

“दाजी, एकदा तरी गप बसा! अक्का काहीतरी म्हणतेय!” मी ओरडलो. त्यांच्यावर ओरडणारा मी बहुधा पहिलाच. ते थक्क होऊन उभे राहिले.

अक्कानं डावा हात वर केला. “आप... आप...” शब्द जिभेवर अडकत होता. दाजींचे ओठ सवयीनं हलले. मग त्यांनी ते घट्ट मिटले आणि तिच्या दारापाशी, रस्त्यावरच उकिडवे बसले. एक ट्रॅक्टर येऊन निघून गेला. दाजी बसूनच होते.

“आपटू... नका. आपटलं... की... पेटतो.”

बॉनेट पुन्हा उघडलं. सेन्सर नवा होता, पण त्यात बसणाऱ्या जुन्या प्लगची खिट्टी तुटलेली. प्रत्येक दणक्याला प्लग थोडा निसटत होता. दाजींनी तो नीट बसवला, सुतळीनं बांधला आणि बॉनेट दोन्ही हातांनी हलकेच टेकवलं. गाडी सुरू झाली. “कवापासून ठावं व्हतं तुला?” त्यांनी विचारलं. अक्का हसली, ओठाच्या एकाच कोपऱ्यातून. वडगावला पोचलो तेव्हा सासूबाईंनी लेकीला ओळखलं. पहाटे त्या गेल्या.

दाजींचा राग काही गेला नाही. पण अक्का बोलायला लागली की ते हातातलं काम ठेवून तिच्यासमोर बसायचे, शेवटचा शब्द येईपर्यंत. त्यानंतर अक्काही फार वर्षं राहिली नाही. आता फोनवर माझं बोलणं संपलं, तरी पलीकडून बराच वेळ काही येत नाही. लाइन तुटली असं वाटतं आणि मी हॅलो, हॅलो करतो. तेव्हा दाजी हळूच म्हणतात, “ऐकतोय. सावकाश बोला.”