फरक सार्थ नाही

दोन हजार सालाच्या आसपास मी जवळा बाजारला प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि बाहेरून एम.एड. करत होते. प्रबंधासाठी तिसरीच्या दोन तुकड्या घेतल्या, प्रत्येकी तीस लेकरं. एका तुकडीला गणित चिंचोके मांडून शिकवलं, दुसरीला नेहमीसारखं फळ्यावर. शेवटी दोन्हींची पंचवीस गुणांची एकच चाचणी घ्यायची होती.

चाचणीच्या आठवड्यात आमच्या गावी, हट्ट्याला, माझे वडील वारले. सकाळी शेतातून आले, पाणी मागितलं, आई तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरावं करून मी शाळेत आले. राहिलेली चाचणी घेतली, पेपर तपासले. रडू येत नव्हतं. भूक लागायची, झोप यायची. कुणी काही विचारलं की उत्तर द्यायला थोडा वेळ लागायचा, एवढंच.

दोन रविवार कॅल्क्युलेटर घेऊन बसले. प्रत्येकाच्या गुणांतून सरासरी वजा करायची, वर्ग करायचा, बेरीज घ्यायची. चिंचोक्यांच्या तुकडीची सरासरी चौदा आली, फळ्यावरच्या तुकडीची साडेबारा. मग टी काढला. तो दीड आला. पुस्तकामागच्या तक्त्यात फरक सार्थ ठरायला निदान दोन लागत होते.

शेजारच्या वर्गावरचे सर म्हणाले, "म्याडम, चार-दोन पोराईचे मार्क वाढवा की. कोण बघून राहिलं? काहून तकलीफ करून घेता?"

मी बरं म्हटलं. पेपर पुन्हा काढलेच नाहीत.

मार्गदर्शक सरांनी आकडे पाहिले. "दोन्ही तुकड्यांत कुणाला चार, कुणाला बावीस. गुण इतके विखुरलेले असले की सरासरीतला दीड गुण नुसत्या योगायोगानंही पडतो. टी तेच मोजतो, फरक या विखुरण्यापुढं किती मोठा आहे ते."

"म्हणजे चिंचोक्यांचा उपयोग झाला नाही?"

"तसंही म्हणता येत नाही. एवढ्या मुलांवरून सांगता येत नाही, इतकंच."

तीन वर्षं टी-परीक्षिका नुसती पाठ केली होती. ती त्या दिवशी समजली. समजल्याचा आनंद व्हायला हवा होता, हेही मला कळत होतं. घरी येऊन लिहिलं : फरक सार्थ नाही, दोन्ही पद्धती सारख्याच ही शून्य परिकल्पना त्यागता येत नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "आमच्याकडं सगळ्यांचेच फरक सार्थ येतात. तुम्ही आलं तसं लिहिलंत. हा प्रामाणिकपणा आहे." मी आभार मानले. खोटं करायलाही हात उचलावा लागतो आणि माझा उचलला जात नव्हता, हे त्यांना कसं सांगणार?

संध्याकाळी हट्ट्याला गेले. आईनं दारातच विचारलं, "झालीस का पास?"

"व्हय."

तिनं एक पेढा देवापुढं ठेवला, एक वडिलांच्या फोटोपुढं, आणि एक माझ्या हातावर. मी तो उभ्यानंच खाल्ला. गोड लागला, एवढं आठवतं.