मल्हारीला हवे असलेले टाळ

एक्क्याऐंशी साली सातपूरला मल्हारीचं घर आमच्या घराला लागूनच होतं. तो कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या मोठ्या प्रेसवर, मी त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये. मूळचा घोटीकडचा, लहानपणापासून गावच्या भजनात टाळ वाजवलेला. त्याला एकच नाद होता. घरात असा स्टिरिओ उभा करायचा, की डोळे मिटले तर भजनी मंडळ समोर बसलंय असं वाटावं.

तयार सेट त्याला नकोच होता. मुंबईहून सुटे भाग आणून त्यानं ओळखीच्या मेकॅनिककडून अॅम्प्लिफायर जुळवून घेतला. रेकॉर्ड प्लेअर जुना मिळाला. खोकी सुतारानं केली. त्यांत खाली मोठा स्पीकर आणि वर बारीक आवाजासाठी छोटा ट्विटर. दिवाळीच्या आधी सगळं जुळलं आणि भांडणं सुरू झाली.

भजनाची रेकॉर्ड लावून मल्हारी खोक्याला कान लावायचा. "पखवाज येतोय, पेटी येतीय. टाळ कुठंय?" म्हणत बारीक आवाज वाढवायचं ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत पिळायचा. भिंतीपलीकडे आमच्या घरात टाळ असे कडकडायचे, की आई कपाळ धरून बसायची. मी सांगायला गेलो तर अंगावर आला.

"टाळ वाजतच नाय, आन् तुला त्रास व्हतो?"

मला वाटलं, मुद्दाम करतोय. आमचं बोलणं बंद झालं. तो सुताराशी भांडला, मेकॅनिकला नको ते बोलला. दुकानातून ट्विटर बदलून आणला, तोही मेलेला निघाला म्हणाला.

एकदा नळावर त्याची बायको मैना मला हळूच म्हणाली, "भाऊजी, आज ते परत दुकानात चाललेत. संगं जाता का? मला भ्या वाटतं."

"कसलं?"

"टाळ वाजतात, भाऊजी. लय वाजतात. त्यांनाच ऐकू येत नाय."

"वहिनी, मग सांगत का नाही तुम्ही?"

"सांगाया गेले, तर ताट भिरकावलं. कानाचं कळलं तर प्रेसवरनं काढतील, ही धास्ती हाय. त्यांना बी कुठंतरी ठाऊक असंल."

बोलणं बंद असूनही मी त्याच्या मागोमाग सायकल काढली. मेन रोडवरच्या दुकानात मल्हारीनं ट्विटर काउंटरवर आपटला. दुकानदारानं तो आपल्या सेटला जोडला, आवाज वाढवला. बाजूच्या गिऱ्हाइकानं दचकून कानात बोट घातलं.

"बघा!" मल्हारी ओरडला. "हाय का काही?"

दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. मल्हारीनं एकेकाचं तोंड पाहिलं, मग त्या गिऱ्हाइकाचं कानातलं बोट. त्यानं ट्विटरला हात लावला. बोटांना त्याची थरथर लागली असावी, कारण हात एकदम मागे आला.

"किती जोरात वाजतंय?" त्यानं मला विचारलं.

"खूप."

ट्विटर पिशवीत घालून तो बाहेर पडला. सायकली हातात धरून आम्ही सातपूरपर्यंत चालत आलो. वाटेत एकदाच म्हणाला, "साहेबाला सांगशील?"

"मी नाही सांगणार."

घरी त्यानं ट्विटर परत बसवला. स्पीकरसमोर खुर्ची ठेवून मैनाला बसवलं. तिला वाटलं, आता काही फेकणार. ती पदर मुठीत धरून बसली. त्यानं रेकॉर्ड लावली आणि बटणावर हात ठेवला.

"कानाला लागतंय?"

"लागतंय."

त्यानं बटण मागे घेतलं. "आता?"

"अजून थोडं... बस. आता ग्वाड लागतंय."

हात काढून तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "टाळ कसे हायेत?"

मैनानं डोळे मिटले. "दोघं जण वाजवतात. त्यातला एक म्हातारा असंल. जरासा मागं पडतोय."

मल्हारी हसला आणि हसता हसता त्यानं तोंड फिरवलं.

पुढे तो स्वतःच साहेबाकडे गेला. कानाच्या डॉक्टरकडे पाठवून कारखान्यानं त्याला प्रेसवरून कामगारांना हत्यारं-अवजारं देण्याच्या खिडकीवर बसवलं. ते काम त्याला कधीच आवडलं नाही. दिवसभर तिथे चिडचिडा असायचा. पण सेट त्यानं मोडला नाही. रविवारी रेकॉर्ड लागली की मैना खुर्चीत बसायची आणि तो खाली, तिच्या तोंडाकडे बघत.