एक जूनचा संभाजी

हॅमिल्टनच्या आसपास दुधाची पावडर करणारे कारखाने आहेत. तिथली थर्मामीटरं खरं बोलतात की खोटं, हे तपासत फिरायचं काम संभाजी शेलार करतो. त्याच्याजवळ पेटीत जपून ठेवलेलं एक थर्मामीटर असतं, तेच प्रमाण. बाकी सगळ्यांनी त्याच्यापुढे हजेरी लावायची आणि चुकत असतील तर कान पिळून घ्यायचे. अशा कामानं माणसाला खोड लागते, तशी ती त्यालाही लागली. बायको, स्नेहलता, "पाचला निघू" म्हणाली की हा विचारतो, "घड्याळातले पाच, की तुझे?" माणूस वाईट नाही हो. नाकासमोर चालणारा आहे, फक्त जाता जाता सगळ्यांची घड्याळं लावत जातो.

तर २०१८ च्या मे महिन्यातली ही गोष्ट. मे संपत आला की संभाजी आणि त्याचे दोन दोस्त, तिघांच्याही अंगात येतं. तीन तासांवर रुआपेहूचा डोंगर आहे, इथला हिवाळा जूनमध्ये लागतो, महिनाभरात त्यावर बर्फ धरणार, म्हणून नागसेनच्या गॅरेजमध्ये स्की भिंतीला उभ्या राहतात आणि वाद सुरू होतात. नागसेन नागपूरचा, इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. त्याची स्कीची जोडी सात वर्षं जुनी, अरुंद, ओरखड्यांनी भरलेली, आणि तिच्याबद्दल वावगं बोललेलं त्याला खपत नाही. प्रमोद पुण्याचा, आयटीतला. त्यानं स्कीची एक्सेल शीट केली आहे, अकरा रकाने, त्यातला एक नुसता रंगासाठी.

"कंबर अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर पाहिजे," प्रमोद म्हणाला. स्कीचा मधला, बुटाखालचा भाग, त्याला कंबर म्हणायचं हे या तिघांचं जुनं ठरलेलं. "रुंद असली की दुपारच्या ओल्या बर्फात रुतत नाही."

"आणि सकाळी? सकाळी तिथं बर्फ नसतो, फरशी असते," नागसेन म्हणाला. "तुझी ती रुंद पाटी फरशीवर घेऊन जा आणि मला वरून फोन कर. अरुंद घे संभाजी. कड धरते."

संभाजीनं खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला आणि प्रमोदच्या स्कीची कंबर मोजली.

"सत्याऐंशी पूर्णांक सहा."

"कंपनीनं अठ्ठ्याऐंशी छापलंय," प्रमोद म्हणाला.

"छापू दे की."

नागसेन इतका हसला की त्याच्या मुलीनं, रियानं, आतून येऊन "व्हॉट हॅपन्ड?" विचारलं. मग तिघांनी पुन्हा सगळ्या स्की उभ्या करून उंची बघितली, कुठली हनुवटीला लागते, कुठली नाकाला. मुलगी बघायला आल्यासारखे चेहरे केले होते तिघांनी. यंदा नवरदेव होता संभाजी. सहा हंगाम त्यानं भाड्याच्या स्कीवर काढले होते, आणि सहाव्यात भाड्याच्या स्कीनं दगा दिला. तो पडला, पायातून स्की सुटलीच नाही आणि डावा गुडघा पिरगळला. दोन महिने कुबडी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी एकदा असाच पिरगळला तर बर्फ विसरा, जिना चढायचीही पंचाईत होईल. दुसरा कुणी असता तर शहाण्यासारखा घरी बसला असता. हा स्वतःची जोडी घ्यायला निघाला.

का, ते त्यानं स्नेहलतालासुद्धा नीट सांगितलेलं नाही. पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात त्याचं गाव. शाळा डोंगरावर, घर खाली. शाळा सुटली की पोरं गवतावरून घसरत उतरायची, आणि खाली कुंपणाशी आई उभी असायची. बास, एवढंच. रुआपेहूच्या उतारावरून सुटलं की वारा कानात भरतो, आणि खाली कुणीतरी उभं आहे असं त्याला वाटतं. खाली पोचल्यावर कुणी नसतं. तरी तो परत वर जातो.

आणि गंमत बघा, हे ज्या आईला सांगायचं तिला त्यानं कधीच सांगितलं नाही. शांताबाईला थंडीचा धसका. फोन उचलला की पहिला प्रश्न, "स्वेटर घातलास का?" बर्फात जातो म्हटलं असतं तर तिनं अन्न सोडलं असतं. म्हणून हा डोंगरावरून फोन करताना कॅमेरा गाडीच्या सीटकडे फिरवायचा आणि "ऑफिसच्या कामाला आलोय" म्हणायचा. २०१७ च्या फेब्रुवारीत ती गेली. हा पोचला तिसऱ्या दिवशी, तोवर सगळं उरकलं होतं.

"आता मेन मुद्दा," नागसेन फोनवर तक्ता उघडून म्हणाला. "स्की कुठलीही घे. तुझा गुडघा वाचवणार तो चाप." चाप म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग. ते घट्ट लावलं तर पडल्यावर सुटत नाही, सैल लावलं तर चालता चालता सुटतं. "वजन, उंची, बुटाचा तळ आणि वय. पन्नास झाली की तक्त्यात एक ओळ वर सरकायचं. म्हणजे चाप हलका. तू किती?"

"अठ्ठेचाळीस. एक जूनला एकोणपन्नास."

नागसेननं फोन खाली ठेवला. "एक जून? म्हणजे गुरुजींची तारीख. माझ्या बाबांची एक जुलै, दोन्ही काकांचीही एक जुलै. शाळेत जो जो गेला तो तो एक जुलैला जन्मला. खरी कुठली तुझी?"

"पासपोर्टवर आहे ती."

"पासपोर्टनं जन्म दिला काय तुला? मी रोज हाडं बघतो भाऊ. गुडघा पासपोर्ट वाचत नाही."

प्रमोद हसला. संभाजी हसला नाही. जगातल्या सगळ्या थर्मामीटरांवर संशय घेणारा हा माणूस, पण स्वतःच्या जन्मतारखेला त्यानं कधी प्रमाण लावून बघितलं नव्हतं. घरात म्हणायचे, भूकंपाच्या आगंमागं झाला. आता कोयनेच्या खोऱ्यात जमीन वर्षातून चारदा हलते, कुठला भूकंप हे विचारायचं राहूनच गेलं. वाढदिवस हा शब्दच त्या घरात नव्हता.

घरी जाताना गाडीत त्याला आईचा शेवटच्या डिसेंबरातला फोन आठवला. ती दरवर्षी त्या सुमाराला फोन करायची, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, आणि म्हणायची, "आज गोड खा." हा दरवर्षी चूक दुरुस्त करायचा. "आई, दत्तजयंती उद्या आहे." त्या वर्षी ती पुढं म्हणाली होती, "जप आता. पन्नासावं लागलं तुला."

"कसलं पन्नासावं? सत्तेचाळीस पूर्ण झालीत, आई. कागद आहे माझ्याकडे."

"बरं बाबा. तुझंच खरं," ती म्हणाली होती.

रविवारी संध्याकाळी, गावाकडे सकाळ असताना, त्यानं कमलाबाईला फोन लावला. ही त्याची आत्या, ऐंशीच्या पुढची, त्याच्या जन्माची साक्षीदार म्हणावी अशी एवढी एकच उरलेली. संभाजीनं आधी इकडचंतिकडचं विचारलं. नमनाला घडाभर तेल. मग एकदाचं विचारलं, "आत्या, मी नक्की कधी झालो गं?"

"आरं, भूकंपात न्हाई का!"

"कुठल्या भूकंपात?"

"कुठल्या म्हंजी? मोठ्या. सोमवारी पहाटं जिमीन हालली, आन् शुक्रवारी तू झालास. घर पडल्यालं. समदी मानसं म्हसरांसंगं खळ्यात. वर आभाळ, आन् थंडी अशी की दात वाजत्यात. तू निळा पडलास की रं. तुझ्या आयनं लुगड्याच्या आत पोटाशी धरला तुला, दोन राती डोळ्याला डोळा लावला न्हाई तिनं. मी म्हनलं, शांते, मला दे, तू निज वाईच. देईना. तवापास्नं तिनं थंडीचा धसकाच घेतला बग." आत्या थांबली, तिनं श्वास घेतला. "दुसऱ्या दिशी दत्तजयंती. मी म्हनलं, एक दिस थांबला आसतास तर दत्तू नाव ठिवलं आसतं."

मोठा भूकंप म्हणजे सदुसष्टच्या डिसेंबरातला. संभाजीनं बोटांवर वर्षं मोजली.

"मग शाळेत एक जून?"

"त्ये गुरुजींनी घातलं. म्हनले, दीड वरीस कमी लिवतो, नोकरीला बरं पडंल. तुझी आय घरी यिऊन रागावली. म्हनली, माझ्या दोन राती कुठं गेल्या?"

फोन ठेवल्यावर तो उठून परसात गेला. स्नेहलता मागून आली. "काय झालं?" तिनं विचारलं.

"ती दरवर्षी माझ्या वाढदिवसाला फोन करत होती," तो म्हणाला. "आणि मी दरवर्षी तिला सांगत होतो की तू चुकलीस." एवढं बोलून तो रडला. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, स्नेहलतानं त्याला असा रडताना पहिल्यांदा पाहिला. आईच्या तेराव्यालाही तो असा रडला नव्हता.

पुढच्या शनिवारी तिघं ऑकलंडला गेले. जूनचा पहिला आठवडा, राणीच्या वाढदिवसाची जोडून सुट्टी, दुकानादुकानांत सेल. प्रमोद गाडी चालवता चालवता म्हणाला, "बरं का, राणीचा खरा वाढदिवस एप्रिलमध्ये असतो. सुट्टीसाठी जूनमध्ये घेतात."

"म्हणजे तिलाही गुरुजी भेटलेच," नागसेन म्हणाला.

दुकानात दोन तास गेले. प्रमोदची शीट निघाली, संभाजीचा कॅलिपर निघाला, आणि विक्रीला असलेली पोरगी कॅलिपरकडे बघून "दॅट्स अ फर्स्ट" म्हणाली. रुंद आणि अरुंद या भांडणात शेवटी ब्याऐंशीची कंबर ठरली. दोघांचंही समाधान झालं नाही, म्हणजे निवड बरोबर असावी. निळसर राखाडी, नाकाला टेकणारी जोडी. संभाजीनं तिच्यावरून हात फिरवला. मग मुलीनं चाप लावायचा फॉर्म पुढे केला. नाव, वजन, उंची, जन्मतारीख.

पेन तिथं थांबलं. सवयीनं हात एक जूनकडे चालला होता. पंचेचाळीस वर्षं त्यानं तीच तारीख लिहिली होती, बोर्डाच्या परीक्षेत, लग्नाच्या नोंदणीत, व्हिसाच्या अर्जात. खोटी आहे असं कधी वाटलं नव्हतं. त्यानं लिहिलं, १५ डिसेंबर १९६७.

प्रमोद खांद्यावरून वाचत होताच. "अरे, लायसन्सवर एकोणसत्तर आहे ना तुझं?"

"ते गुरुजींचं," संभाजी म्हणाला. "हे आईचं."

मुलीला यातलं काही कळलं नाही. तिनं वय काढलं, तक्त्यात एक ओळ वर सरकली, स्क्रूड्रायव्हर घेऊन चाप थोडा ढिला केला आणि म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या भाषेत झकास. परतताना ते सँडरिंगहॅमला, ऑकलंडमधल्या देशी वस्तीत, जेवायला थांबले. संभाजीनं मिठाईच्या दुकानातून पाव किलो पेढे घेतले आणि कशाचे ते न सांगता दोघांच्या हातावर ठेवले. दोघांनीही विचारलं नाही.

जुलैच्या शेवटी तो पडला. सकाळची वेळ होती, नागसेन म्हणतो तशी फरशी. वळणावर डावी कड सुटली, अंग एकीकडे गेलं, पाय दुसरीकडे निघाला, आणि गेल्या वर्षीचीच ती जागा, तोच गुडघा, असं त्याच्या मनात येईपर्यंत खट् असा आवाज झाला. चाप सुटला. स्की एकटीच खाली घसरत गेली आणि थोड्या अंतरावर थांबली. संभाजी पाठीवर पडून राहिला.

"गुडघा?" वरून नागसेन ओरडला.

संभाजीनं पाय हळूच दुमडला, मग सरळ केला. पुन्हा दुमडला. "आहे!"

नागसेन खाली आला, स्की उचलून आणली, चापाकडे बघत राहिला. "एक ओळ खाली असता ना, तर आज मी तुझा एक्स-रे काढला असता," तो म्हणाला. मग संभाजीचं तोंड बघून त्यानं स्की त्याच्याजवळ ठेवली आणि तो पुढे निघून गेला.

संभाजी उठून बसला. खाली उतार पसरला होता, पायथ्याशी माणसं मुंग्यांएवढी दिसत होती, आणि कुंपणाच्या जागी दोरी बांधलेली होती. तिथं कुणी उभं नव्हतं. त्यानं हातमोजा काढला, फोन काढला, "आई गाव" हे नाव काढलं. तो नंबर आता लागत नाही, हे त्याला माहीत होतं. त्यानं कॅमेरा उघडला आणि या खेपेला सीटकडे फिरवला नाही. आधी डोंगर दाखवला, मग बर्फ, मग दुखरा गुडघा, मग स्वतःला.

"आई," तो म्हणाला, "मी बर्फात आहे. सहा वर्षं येतोय, तुला बोललो नाही. स्वेटर घातलाय, दोन घातलेत. आणि डिसेंबरात पन्नास पूर्ण झाली मला. तुझंच खरं."